नऊ काळे, अकरा तपकिरी

सुनेत्रा : एकाच मादीची अंडी होती, अहो. मी स्वतः वेगळ्या बरणीत काढली होती. नऊ काळे भुंगेरे निघाले, अकरा तपकिरी.

शैलेंद्र : हळू बोल.

सुनेत्रा : शेजाऱ्यांना मराठी कळत नाही. आणि नऊच्या नऊ काळे नर आहेत, अकराच्या अकरा तपकिरी माद्या, हे तुम्हीच मायक्रोस्कोपखाली बघितलंत ना?

शैलेंद्र : बघितलं. म्हणजे काळी ही वेगळी जात, वेगळी स्पीशीज नाहीच. तपकिरीचाच नर. म्युझियममध्ये आमच्या हॉफ्टन सरांकडे तेव्हा फक्त काळे आले, त्यांनी अठ्ठावन्न साली नवी स्पीशीज म्हणून पब्लिश केली.

सुनेत्रा : आणि मादी शेजारच्या ड्रॉवरमध्ये, दुसऱ्या नावानं.

शैलेंद्र : त्या काळ्याला त्यांनी बायकोचं नाव दिलंय, सुनेत्रा. दोन वर्षं झाली नाहीत बाई जाऊन. मी पेपर लिहिला की ते नाव बाद.

सुनेत्रा : एवढंच कारण?

शैलेंद्र : नाही. शुक्रवारी ते आपल्या ग्रीन कार्डच्या पत्रावर सही करणारेत. त्यांनी हात आखडता घेतला तर जूनमध्ये माझा व्हिसा संपतो.

सुनेत्रा : मला माहितेय कधी संपतो ते. आईला बघून चार वर्षं झाली.

शैलेंद्र : मग सांग, मी काय करू? रोज त्यांच्यासमोर बसून त्याच ड्रॉवरची लिस्ट टाइप करतो. खोटं आहे हे माहीत असून. अडकलोय गं मी.

सुनेत्रा : तुम्ही निदान बसने तिथवर जाता तरी. मला या खिडकीत बरण्यांशिवाय काय आहे? रोज पानं आणायची, विष्ठा पुसायची, किती वाढले ते लिहायचं. पण काळे-तपकिरी एकाच बरणीतून निघाले तेव्हा झाला, इतका आनंद मला इथं आल्यापासून झाला नव्हता.

शैलेंद्र : माहितेय मला.

सुनेत्रा : होऊ दे शुक्रवारी सही. मी काही बोलणार नाही.



शैलेंद्र : मग ते वीस... टाकून दे.

सुनेत्रा : टाकणार नाही. पिना लावून झाल्यात. म्युझियममध्ये टाकून देतात का कधी? नेऊन ठेवा. तो ड्रॉवर वीस-वीस वर्षं कुणी उघडत नाही, असं तुम्हीच म्हणता.

शैलेंद्र : आणि उघडला तर?

सुनेत्रा : तर लेबल वाचेल.

शैलेंद्र : काय लिहिलंयस लेबलवर?

सुनेत्रा : इलिनॉय, ऑगस्ट १९८४. स्वयंपाकघरात वाढवलेले, सगळे एकाच मादीचे.

शैलेंद्र : कलेक्टरचं नाव? किडे कुणी गोळा केले ते? लेबल त्याशिवाय पुरं होत नाही.

सुनेत्रा : ती ओळ कोरी ठेवलीय. मला या देशात काम करायची परवानगी नाही ना.