एकाच ताग्यातलं

कानावरची कॅन्सरची गाठ काढल्यावर खड्डा कुठल्या कातडीनं भरायचा, ते शिक्षिकाबाईंचं अजून ठरत नव्हतं. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर त्या बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एका म्हाताऱ्या शिंप्याची पट्टी नुकतीच सुटली होती आणि बायको त्याचा कान न्याहाळत होती.

"गाठ काढली ती जागा कुठाय हो?"

"शोध."

"सापडत नाही. मांडीची कातडी लावणार होते ना?"

"तेही चालेल म्हणाले. मी म्हटलं, कोटाच्या कॉलरला लेंग्याचं कापड जोडतात का? कानामागची घ्या. एकाच ताग्यातली."

"डॉक्टरांना शिकवलंत?"

"वर सांगितलं, थोडी माया ठेवून कापा, नवं कापड आटतं. तर म्हणाले, आम्हीही तसंच कापतो."

"आणि तो मेला कॅन्सर?"

"कडेपर्यंत तपासलं. कुठंही उरला नाही."

"मग ठेवा दुकानातल्यासारखी पेन्सिल कानावर."

"इथं? लोक बघतायत."

"बघू देत. आता मान हलवा. जोरात."

"पडली का?"

"नाही पडली."

नर्सनं दार उघडलं. "बाई, ठरलं का तुमचं?"

"ठरलं. कानामागची," बाई उठत म्हणाल्या. "आणि डॉक्टरांना सांगा, थोडी माया ठेवून कापा."