न उसवलेली दुमड

युसुफभाईंच्या घरची मंडळी, शिक्षकहो, मुलींनो,

इतकी वर्षं या हॉलमध्ये मी न अडखळता बोलले. आज कागदावर लिहून आणलं आहे. युसुफभाई गेल्याचं दुःख आहेच. पण रागही आहे, आणि बराचसा स्वतःवरच.

युसुफभाई नेरमधले शिंपी. आपल्या शाळेचे गणवेश त्यांनीच शिवले. स्कर्ट वाढत्या अंगाचा शिवायचा, खाली चार बोटं दुमड ठेवायची, आणि मुलगी उंच झाली की दरवर्षी थोडी उसवायची. ही त्यांची रीत.

माझी रीत वेगळी. मी कॉन्व्हेंटात शिकले. इथं मुख्याध्यापिका झाले आणि रोज प्रार्थनेला स्कर्टची लांबी तपासली. गुडघा झाकलेला असला की शाबासकी!

सहामाही परीक्षेच्या आधी ते माझ्या घरी आले. आठवीतल्या एका मुलीबद्दल. नाव सांगणार नाही. माना वळवून शोधू नका.

"मॅडम, तिची दुमड तीन सालापासून उसवली नाही मी."

"मग छानच! तुमची शिलाई टिकाऊ."

"मजाक नका करू. कपडा टिकला, पन पोरगी कायले थांबून राह्यली?"

"आईबाप ठेंगणे असतील."

"बापाचा शर्ट मीच शिवतो. लंबा मानूस आहे."

मग त्यांनी बोटांनी दाखवलं. एक दुकानदाराची मुलगी, एक ही मजुराची. पहिलीत दोघींचं माप जवळपास सारखं. चौथीत दोन बोटांचा फरक. आठवीत वीतभर.

"दरसाल फरक वाढूनच राह्यला, मॅडम. एकीच्या घरी दूध, अंडे, ताप आला का डॉक्टर. दुसरीच्या घरी ताप उतरायची वाट पाहतात."

आणि अशाच मुलींना मी शिस्तीच्या म्हणत होते! त्यांचा गुडघा कधी उघडा पडला नाही. कसा पडेल?

"तुम्ही बोला शाळेत. तुमचं ऐकतील," ते म्हणाले. मी म्हटलं, परीक्षा होऊ द्या. परीक्षा झाली. युसुफभाई गेले. मुलगी तेवढीच आहे.

येत्या जूनपासून तयार गणवेश येणार म्हणे. लहान, मध्यम, मोठा. मला भीती वाटते. लहान मापात दोन वर्षं जी मावत राहील, तिच्याबद्दल कोण विचारणार?

उद्या पहिल्या एसटीनं मी तिला आणि तिच्या आईला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात जाते आहे. उशीर झाला असेल का? मला माहीत नाही.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांतता. मुलींनी डोळे मिटावेत. शिक्षकहो, तुम्ही मिटू नका. समोर बघा.