कनवटीला सुपारी लावून मागितलेली माफी

टाळ घडीभर खाली ठेवा मंडळी. आजचा प्रश्न सोपा आहे. इतका सोपा, की आपण सगळेच त्यात नापास! माणसाच्या हातून चूक झाली — होते, त्याशिवाय का तो माणूस — तर त्यानं माफी मागायची कुणाची?

"देवाची!" कोण बोललं हे? पुढच्या रांगेतले काका. छान, छान! देव उलटून बोलत नाही ना काका, म्हणून त्याची माफी मागायला बरी. अर्ज केला की मंजूर! पण हीच माफी सूनबाईची मागायची म्हटली तर? बघा, काका लगेच टोपी सारखी करायला लागले!

हसा, हसा. पण ऐका.

धामणसर नावाचं गाव. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. आणि सापडलंच तर आपलंच निघायचं! तिथले नगराध्यक्ष भागवतराव हुंबे. माणूस वाईट नव्हता हं. वरच्या आळीला नळ आणला तो त्यांनीच. कुणाच्याही मयताला पहिले हजर, आणि लग्नात शेवटच्या पंगतीला बुंदी वाढायला उभे. लोक 'दादा, दादा' म्हणून मागं फिरायचे.

त्यांची बायको इंदुमती — गावाच्या वहिनीसाहेब. आपली गोष्ट हिच्याच पदराला धरून चालायची आहे, तेव्हा हिला नीट बघून घ्या. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी. दादांच्या प्रत्येक सभेत पहिल्या खुर्चीवर बसलेली. हार आला की नमस्कार, भाषण संपलं की टाळ्या. वहिनीसाहेबांचा आवाज कसा आहे, हे गावात निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं!

आणि त्याच गावात संजीवनी तुपे. नवरा वारलेला, वरच्या आळीत घरातच शिवणक्लास चालवायची. मुली यायच्या, मशिनी खडखडायच्या, बाईचं बरं चाललं होतं. भागवतरावांचं तिथं येणं-जाणं सुरू झालं. कसं झालं, काय झालं — ते नका विचारू, कीर्तन आहे हे! एवढंच सांगते, एक दिवस फोटो निघाला. धरणावरच्या हॉटेलात दोघं बसलेत आणि एकाच बशीतली भजी खातायत.

पूर्वी मंडळी, अशी गोष्ट या चुलीवरून त्या चुलीवर जायला आठवडा लागायचा. आता? भजी निवायच्या आत फोटो तालुकाभर!

पत्रकार आले. माईक पुढं आला. माणूस घाबरला. आणि घाबरलेला माणूस काय करतो? जो सगळ्यांत दुबळा दिसेल त्याच्या अंगावर ढकलतो! भागवतराव चारचौघांत बोलून गेले, "त्या बाईनं मला जाळ्यात ओढलं. विरोधकांनी पेरलेली बाई आहे ती!"

झालं! दादा सुटले. गाव म्हणालं, बाईच तसली. क्लासच्या मुली यायच्या बंद झाल्या. कुणीतरी दारावर शेण फेकून गेलं. संजीवनीनं आतून कडी घातली ती घातलीच.

आता इंदुमतीकडे या. तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात धरलं. पोळी तव्यावर होती. म्हणाली, "माईकवरचं ऐकलं. आता खरं सांगा."

भागवतराव पाटावर बसले आणि रडले. खरंच रडले हो! म्हणाले, "मीच मागं लागलो इंदू. ती नको म्हणत होती. मीच तिला सांगितलं, आमचं आता नावापुरतंच राहिलंय म्हणून."

"नावापुरतं?" इंदुमतीनं पोळी उलटली. "मग रोज डबा कोण भरतं? नाव भरतं होय?"

पोळी करपली. त्या दिवशी तो वास साऱ्या घरात राहिला.

आता तुम्हाला वाटेल, इंदुमतीला संजीवनीची दया आली. नाही बायांनो, आली नाही! कशी यावी? ती मनात म्हणाली, मेली तरी मला सुतक नाही. एवढी संतापली होती. पण एक कुसळ घुसून बसलं. नवरा गावाला खोटं बोललाय, हे गावात तिला एकटीला माहीत. रस्त्यानं जाताना बायका जवळ यायच्या, हात धरायच्या, "वहिनी, त्या बाईनं तुमचं घर नासवलं हो!" — आणि इंदुमती गप्प. गप्प राहिलं की खोट्यात आपलीही वाटणी पडते मंडळी. घास तिच्या घशाखाली उतरेना.

इकडे नगरपालिकेत कुजबुज सुरू झाली. खुर्ची हलायला लागली. मग घरी आले डोईफोडे वकील. दादांचे सल्लागार. आडनावावर जाऊ नका, डोकं फार थंड माणसाचं!

वकील म्हणाले, "वहिनीसाहेब, काळजी करू नका. लोक माफ करायला बसलेलेच असतात, फक्त मांडणी नीट पाहिजे. सोमवारी सिद्धेश्वराला अभिषेक ठेवू. दादा आणि तुम्ही जोडीनं बसायचं. उपरण्याला पदराची गाठ. लोकांना गाठ दिसली पाहिजे! मग दादा माईकवर माफी मागतील. तुम्ही काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं."

"आजवर दुसरं काय केलं वकीलसाहेब?" इंदुमती म्हणाली. "पण ह्या वेळी नाही बसायची."

भागवतराव म्हणाले, "इंदू, माझी लाज आहे."

ती म्हणाली, "तुमची लाज माझ्या पदराला बांधायची, आणि तिच्या दारावरचं शेण? ते कुणी धुवायचं?"

एवढं बोलून ती आत गेली. पण भीती तिलाही होती हं! खुर्ची गेली तर घर सावरणार कसं? नवरा चिडला, तोडून वागला तर जायचं कुठं? माहेरी भावजयांचं राज्य. शूर बाई नव्हती ती. तुमच्या-माझ्यासारखीच, कुकरच्या शिट्टीला दचकणारी!

सोमवार उजाडला. देवळापुढं मांडव, कर्णे, ही गर्दी! आणि जोडीतला अर्धा जोड गायब. गुरुजी म्हणाले, "सपत्नीक बसायचं असतं. नसतील येणार तर शास्त्रात सोय आहे. कनवटीला सुपारी लावा."

तुम्हाला ठाऊक आहे ना ही सोय? बायको हजर नसली की तिच्या जागी कमरेला सुपारी खोचायची. त्रेतायुगात म्हणे त्यासाठी सोन्याची मूर्ती घडवावी लागली. कलियुगात स्वस्ताई आहे, सुपारीवर भागतं! न बोलणारी, न रुसणारी, कनवटीत मावणारी बायको. पुरुष मंडळी, माना डोलावू नका, तुमच्या बायका बघतायत!

वकील म्हणाले, चालेल. अहो, चालतंय कसं? इथंच ते चुकले! त्या गावात सुपारीचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक. दादांनी ती खोचली मात्र, आणि मांडवभर झालं — वहिनी आल्या नाहीत! वहिनींनी माफ केलं नाही!

पण इंदुमती आली होती. बायकांच्या बाजूला, मागं, खांबाला टेकून बसली होती. का आली? तर सोमवार तिचा नेमाचा. ती म्हणाली, सोमवार देवाचा आहे, ह्यांचा नाही. मी का सोडू?

अभिषेक झाला. भागवतराव माईकपुढं उभे राहिले. वकिलांनी लिहून दिलेलं वाचायला लागले. "माझ्याकडून कळत-नकळत काही घडलं असेल..."

थांबा! कळत-नकळत? गाडी स्वतः चालवत धरणावर गेलात, भजी सांगितलीत, वर तिखट चटणी मागितलीत — ते नकळत?

"...त्यामुळं कुणाचं मन दुखावलं असेल, तर मी माझ्या मतदार बंधू-भगिनींची, पक्षाची, आणि सिद्धेश्वराची माफी मागतो."

बघा यादी! मतदार आले, पक्ष आला, देव आला. ज्या बाईचं नाव मातीत घातलं, ती आहे का त्यात कुठं? मंडळी, मी काही शिकलेली बाई नाही. ही ओवी माझीच, मोडकीतोडकी. गोड मानून घ्या —

दूध सांडलं अंगणी, पुसे मी ग माजघर,
डाग अंगणी वाळला, माशा बसल्या त्यावर!

म्हणा एकदा माझ्यामागं. हां!

तर माजघर पुसणं चालू होतं. वकिलांनी खूण केली, आता वाका, लोकांना दंडवत घाला! भागवतराव वाकले. जन्मभर पँट घातलेला माणूस, त्याचं सोवळं कुठं कमरेला टिकतंय? गाठ ढिली पडली आणि सुपारी निसटली. टक्! फरशीवर पडली आणि घरंगळत निघाली.

बायकांतनं एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, वहिनी पडल्या!"

मांडव फुटला हो हसून! भागवतराव एका हातानं सोवळं धरून, दुसऱ्या हातानं सुपारी शोधत, गुडघ्यांवर. नगराध्यक्ष! ती सतरंजीच्या कडेनं बायकांच्या बाजूला गेली, तसे हेही रांगत तिकडंच गेले. बायका पाय पोटाशी घेऊन वाट देतायत, आणि सुपारी थांबली ती एका खांबाशी. भागवतरावांनी मान वर केली. समोर जाड भिंगाचा चष्मा.

हसणं थांबलं.

इंदुमतीनं सुपारी उचलली. नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "घ्या. हिला घेऊन बसा. ही काही बोलायची नाही. मी बोलले तर चालेल?"

भागवतरावांनी सुपारी मुठीत धरली.

"माझी माफी इथं मागू नका," ती हळू म्हणाली. "माझा अपराध घरात केलात, त्याची माफी घरात मागा. द्यायची की नाही ते मी बघीन. पण तिच्याबद्दल खोटं बोललात ते माईकवर. ते माईकवरच परत घ्या."

"इंदू, खुर्ची जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "मलाही भीती वाटते. पण ह्या खोट्यात बसून माझ्यानं जेववत नाही हो."

माझ्यानं जेववत नाही! एवढंच बोलली. भागवतरावांनी तिच्याकडं बघितलं, आणि त्यांना दिसलं — बायको किती वाळलीय! एकाच घरात राहून दिसलं नव्हतं.

उठले. सोवळं सावरत माईककडं गेले. वकील कागद पुढं करतायत, तो घेतला नाही. म्हणाले, "संजीवनी तुपे ह्यांच्याबद्दल मी खोटं बोललो. त्यांनी मला ओढलं नाही. मीच त्यांच्या दारी गेलो, आणि खोटं सांगून गेलो. त्यांना कुणी पेरलं नव्हतं. मी घाबरलो, आणि त्यांना पुढं केलं. दोष माझा आहे. त्यांची माफी मागतो. त्यांनी दिलीच पाहिजे असं नाही."

टाळी पडली नाही. पडू नयेच! फक्त ती मघाची म्हातारी म्हणाली, "आत्ता बोलला!" आणि साऱ्या मांडवानं श्वास सोडला, जसा पोराचा ताप उतरल्यावर घर सोडतं तसा.

कर्णे वरच्या आळीपर्यंत लावलेले होते मंडळी. दादांची माफी सगळ्यांना ऐकू जावी म्हणून वकिलांनीच लावून घेतले होते! बंद दाराआड संजीवनीनं ते ऐकलं. रडली असेल, नसेल. मी नव्हते तिथं. पण दुपारी दार उघडलं, बादली घेऊन बाहेर आली. उंबरा धुवायला लागली, तेवढ्यात शेजारीण आली आणि न बोलता दुसरा खराटा घेऊन भिडली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी अर्धवट राहिलेलं परकर-पोलकं घेऊन आली, "बाई, बाही चुकलीय." मशीन सुरू झाली.

खुर्ची? हां, तुम्हाला तेच पाहिजे! गेली. महिन्याच्या आत गेली. आणि काय सांगू, भागवतराव सायकलवरून दूध आणायला जातात आता, आणि वाटेत शीळ घालतात! डोईफोडे वकील दुसऱ्या पुढाऱ्याकडं रुजू झाले. त्यांना कामाला तोटा नाही.

इंदुमती आणि संजीवनी मैत्रिणी झाल्या का? छे हो! ते नाटकात होतं. बाजारात समोर आल्या तर एक वांग्यांकडं वळते, एक मेथीकडं. पण मान खाली घालून कुणीच जात नाही.

आणि इंदुमतीनं नवऱ्याला माफ केलं? त्यांनी घरात मागितली. पाटावर बसून, वकिलाशिवाय, स्वतःच्या शब्दांत, पुन्हा पुन्हा मागितली. ती म्हणाली, "बघू." पण त्या सोमवारी देवळातून घरी येताना तिला वाटेतच भूक लागली. कडकडून! भाकरी, पिठलं, वर कांदा फोडून — उभ्या-उभ्याच जेवली ती ओट्याशी. घास सरळ खाली उतरला. देवाचा प्रसाद म्हणतात तो ह्याहून वेगळा असतो का?

आता तुमची पाळी! भागवतरावांना हसलात ना पोटभर? मग सांगा — जाऊबाईला चार बायकांत 'चोरटी' म्हणालात, आणि माफी देवघरात? पोराला त्याच्या मित्रांपुढं थोबाडीत दिलीत, आणि संध्याकाळी गुपचूप लाडू? भावाला भावकीत खोटं पाडलंत, आणि आता कीर्तनाला वर्गणी? अंगणी सांडलं ना? मग अंगणी पुसा! आणि समोरच्यानं 'बघू' म्हटलं तर बघू द्या त्याला. घाई आपली आहे, त्याची नाही.

आरतीचं तबक तयार आहे, पण मी थांबते. ज्याला कुणाला इथंच कुणाशी बोलायचं असेल, त्यानं उठावं. उठून जावं त्या माणसापाशी. निरांजन विझलं तर पुन्हा लावू, तूप आहे.

...हं. उठलं कुणीतरी. पुरुषांच्या बाजूनं.

अहो, मागं वळून बघू नका! त्यांचं त्यांना बोलू द्या. सगळ्यांनी माझ्याकडं बघा. बुवा, तुम्ही पेटीवर सूर धरा, अगदी हळू. मृदंग नको अजून. जाऊ द्या त्याला तिथपर्यंत.