तयारचा पूर्ण पत्ता

— नाही हो मॅडम, माझा कुणावर राग नाही. चौकशीला तुम्हाला पाठवलंय, म्हणून विचाराल तेवढंच सांगतो. शब्दकोशाचं आठ महिन्यांचं काम मंगळवारी पुसलं गेलं, आणि मशीनच्या नोंदीत नाव आहे कोश तपासणाऱ्या काटेकोरबाईंचं — आम्ही सगळे त्यांना तसंच म्हणतो, स्वल्पविरामसुद्धा वाकडा चालत नाही त्यांना. माझ्या तक्रारीवर सही झाली की संध्याकाळी त्यांची नोकरी जाणार. त्याला मी काय करू? पण तुम्ही हे काय लिहिताय? मी अजून काही बोललो कुठे?

या छापखान्यातली सगळी मशीन्स मी सांभाळतो, बारा वर्षं झाली. छापून झालेली पानं ‘तयार’ नावाच्या फोल्डरात जातात, ती दर आठवड्याला पुसायची — त्यासाठी मी एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनने ओळीने पाळायच्या हुकमांची यादी, लिहिलीय. ती आधी एक लिंक वाचते. लिंक म्हणजे काय, तर दारावर लावलेली चिठ्ठी. आत काही नसतं, फक्त लिहिलेलं असतं, माल शेजारच्या ‘तयार’मध्ये आहे. चिठ्ठी वाचायची, शेजारी जायचं, झाडून काढायचं, बस्स. बारा वर्षांत एक पान इकडचं तिकडे झालं नाही, आणि या बाई आल्या न आल्या तोच — तुम्हाला संशय येत नाही? मला तर पहिल्या दिवसापासून येत होता. एवढे प्रश्न कोण विचारतं हो? हे असं का, ते तसं का. मनात काहीतरी असल्याशिवाय?

त्या दिवशी मी दात काढायला गेलो होतो. तिथून मीच फोन केला, तेवढी स्क्रिप्ट चालवून टाका म्हणून. त्यांनी चालवली — आपल्या जागेवरून, कोशाच्या फोल्डरात बसून. आता कोशाच्या शेजारीही एक ‘तयार’ आहे. तपासून पक्क्या झालेल्या नोंदी. आमच्याकडे तयार म्हणजे टाकायचं, त्यांच्याकडे तयार म्हणजे जपायचं. गेली स्क्रिप्ट तिकडे. बरोबर, शेजारचं म्हणजे चिठ्ठी ज्या दारावर आहे त्याच्या शेजारचं, वाचणाऱ्याच्या नव्हे — हे स्क्रिप्टला कळायला नको? कळायचं की पूर्वी. चिठ्ठी वाचायचा जो हुकूम आहे, ‘रीडलिंक’, त्याला मी पुढे ‘एफ’ लावला होता, तो पूर्ण पत्ता काढून द्यायचा. पण कोपऱ्यातल्या जुन्या मशीनला तो एफ समजेना, सारखं अडायचं, म्हणून तो काढला गेला. म्हणजे मीच काढला. एक अक्षर हो! आणि मी नेहमी आधी लिंकच्या फोल्डरात जाऊनच चालवतो, त्यामुळे कधी बिघडलं नाही. त्यांना सांगितलं होतं का? तोंडात कापूस होता माझ्या, काय काय सांगणार?

आणि त्यांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. महिन्यापूर्वी कागदावर लिहून दिलं होतं मला — मला, बारा वर्षं झालेल्या माणसाला — की लिंकमधला पत्ता तिरप्या रेघेने सुरू होत नसेल, म्हणजे अर्धवट असेल, तर तो लिंकच्या फोल्डरापासून मोजा, तिथे आणखी लिंक निघाली तर पुन्हा तसंच, आणि शेवटी तिथे जाऊन मशीनलाच विचारा की मी खरा कुठे उभा आहे. एफ नसलेल्या मशीनवरही चालेल म्हणे. असा राग आला होता मला. मग ठाऊक असून त्यांनी तशीच स्क्रिप्ट का चालवली? हाच तर माझा मुद्दा आहे. कारण त्यांना वाटलं, मी ती सुधारलीय. का वाटलं? कारण त्या कागदाच्या खाली ‘दुरुस्ती केली’ असं लिहून मी सही —

ते खोडा. खोडा म्हणतो ना. मी आपलं बोलता बोलता बोललो. तो कागद? तो कुठे गेला कुणास ठाऊक, माझ्या खणात तरी नाही. नाही, खणाला हात लावू नका. तक्रार आहेच माझी, आत्ता सही करतो — काय? काटेकोरबाई बाहेर बसल्यात? केव्हापासून?

बाई, तुम्ही… ऐकलंत का सगळं?

मॅडम, तुमचं लिहून झालं असेल तर निघा. दोघीही जा.