सायलीचा उजवा हात

— पडली म्हंजे पडलीच की, मॅडम. पायरीवरनं. तुमी आधी बसा, ह्या बाकड्यावर बसा — थांबा, पदरानं पुसते, परळीत ही थर्मलची राख काय पाठ सोडत न्हाई, सकाळी पुसलं की दुपारी परत — हां, बसा आता. तुमीच ना मनिषा मॅडम? मी वळखलंच. सायली घरी आली की तुमचंच सांगती, मॅडमनी आज बेडकाचं काळीज दाखवलं, मॅडमनी कांद्याचं साल काचंखाली ठिवलं, आई, त्यात इटा रचल्यावानी घरं असतेत — मी म्हनायची, कांदा चिर गुमान, घरं कसली बघतीस. मी वनमाला, तिची आई. कालेजला कावून येत न्हाई म्हनून चौकशी करत दवाखान्यापतुर आलात, एवढं कोन करतंय आजकाल. झोपलीय आत. उजव्या हाताला पलस्तर घातलंय. गोठ्याच्या पायरीवरनं पडली.

काय? पाठीवरचे वळ? आत डोकावून आलात व्हय तुमी. — बरोबर हाय तुमचं, पायरीनं वळ उठत न्हाईत. हळू बोला फक्त. मालक वरच्या मजल्यावर हायेत. सायलीचे अण्णा, अमरसिंह. त्यांचा हात गेला ना, कोपरापासनं. कडबाकुट्टीत. वैरन घालताना बाही अडकली, गावात आमी आसंच सांगितलंय. आन तसंच झालं. बाहीच अडकली.

तुमी म्हनाल, एकाच दिवशी दोघांचे हात? सगळे हेच इचारतेत. — मॅडम, एक इचारू? खरं सांगायचं. ते पोरगा-पोरगीचं तुमी वर्गात शिकवलं ना, ते खरं हाय का? न्हाई, धाव्वीच्या पुस्तकात बी होतं म्हने, पन तिथल्या सरांनी ती पानं घरी वाचा म्हनून सोडून दिली, आन बारावी तर आमच्याकडं नुसती परीक्षेपुरती. तुमच्या वर्गात पयल्यांदा नीट कळलं म्हनली. त्या दिवशी ती घरी आली ती दप्तर बी न ठिवता चुलीपाशी बसली. डब्यातनं ज्वारीचे दोन दाने माझ्या हातावर ठिवले. म्हनली, आई, हे तुझे. तुझ्याकडं दोन्ही ज्वारीच. आन अण्णांकडं बघ — एक ज्वारी, एक तूर. तुझ्याकडनं पोटात जाते ती ज्वारीच, दुसरं काही नाहीच तुझ्याकडं. अण्णांकडनं ज्वारी आली की पोरगी, तूर आली की पोरगा. आता सांग, तूर कुणी द्यायची?

मी ते दाने बघतच बसले. तिला वाटलं मला कळलं न्हाई, ती परत सांगाया लागली. कळलं होतं, मॅडम. लगीच कळलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती जीप आलती. तीन पोरी झाल्या, सायली थोरली, त्याच्यामागं दोन येळा दिवस गेले आन दोन्ही येळा जीपमधी घालून लांब नेलं मला, तपासलं, आन रिकामी करून आनलं. घरी आल्यावर आत्याबाईंनी — जानकीबाई, माझी सासू — घोटभर पानी बी दिलं न्हाई, म्हनल्या, हिच्या पोटातच खोट हाय. मालकांनी तर पट्ट्यानं — ऱ्हाऊ द्या. इतकी वर्सं मी मार खाल्ला तो माझंच चुकतंय म्हनून खाल्ला. वरडले बी न्हाई. मार खाऊन परत त्यांचंच ताट वाढलं. आन पोरगी म्हनती, तूर त्यांच्याकडं.

मग? मग काय, मी दाने डब्यात टाकले आन म्हनले, घरात कुठं बोलू नको हे. पन तिचा सोभाव तुमाला म्हाईत हाय. आन घरात तवा दुसरीचं चाललं होतं. व्हय, दुसरी बायकू. लांबच्या नात्यातला धोंडीराम हाय, ऊसतोडीला जातो, त्याची पोरगी — सायलीच्याच वयाची, मॅडम. त्या दिवशी धोंडीराम सुपारी फोडायला आलता, बैठकीत चार मानसं, मी पोहे करायला चुलीपाशी, माझ्याच सवतीचे पोहे. सायलीनं च्याचा ट्रे नेला, खाली ठिवला, आन तिथंच हुबी ऱ्हायली. म्हनली, धोंडीरामकाका, पोरगी देऊ नका. मुलगा होत नाही त्यात आईचा दोष नाही, ते बापाकडनं ठरतं. तुमच्या पोरीला पण मुलीच झाल्या तर तिला पण असंच मारतील.

धोंडीराम हसला. भ्याला म्हनून हसला ओ तो, दुसरं काय. पन मालक उठले. काय बे धोंड्या, हसतूस कुनाला? आन तिच्या येनीला धरलं. बैठकीतनं, अंगनातनं, गोठ्यापतुर, तशीच फरफटत. ठिबकची नळी घेतली आन मारायला लागले, पाठ म्हनू नका, पाय म्हनू नका. आत्याबाई दारात हुब्या. मला वाटलं थांबवतेल. त्या म्हनल्या, तोंडाला लावू नको रे, लगीन व्हायचंय तिचं.

ती रडंना ओ! माझ्यासारखीच — न्हाई, माझ्यासारखी न्हाई. मी गप ऱ्हायची, आन ती प्रत्येक फटक्याला म्हनायची, खरंच आहे ते. खरंच आहे. तवा मालकांनी नळी टाकली. तिचा उजवा हात पिरगळला, कडाडकन वाजला, मी ऐकला. ह्याच हातानं लिहितीस ना, म्हनले, आता बघतो कशी लिहितीस. आन मशीन चालू केलं. मॅडम, कडबाकुट्टी कशी असती म्हाईत हाय का तुमाला? पुढनं वैरन घालायची, ती आपोआप आत वढती, आन आत पाती फिरतेत. तिचा हात धरून तोंडापाशी नेला. बोटं — एवढं, एवढंच आंतर.

खोऱ्याचा दांडा भितीला होता. मी घातला. मानंवर. एकदा न्हाई, दोनदा. तिचा हात सुटला, ह्यांचा तोल गेला, धरायला म्हनून हात पुढं केला आन पांढऱ्या सदऱ्याची बाही मशीननं वढली. आता सांगा, बाहीच अडकली ना? — वरडत होते. त्यांना आसं वरडताना कुनीच ऐकलं नव्हतं. बटन भितीवर, माझ्या हाताशी. मी बटनाकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं बघत होते. वनमाला, म्हनले. इतक्या वर्सांत पयल्यांदा नाव घेतलं माझं.

— हां. लगीच न्हाई दाबलं.

सायलीनं हाक मारली, आई, बंद कर! आई! तवा दाबलं. आन त्या मोडक्या हाताच्या पोरीनं काय केलं म्हाईत हाय? वढनी काढली, एक टोक दातात धरलं, आन बापाचा दंड आवळून बांधला. म्हनली, रक्ताची मोठी नस वरनं दाबायची असते. डागदर म्हनले, तेवढ्यानंच वाचले.

आसं का बघताय? मी सांगनार नव्हते हे. कुनालाच न्हाई. तुमी फक्त मघाच्या त्या तुरीच्या प्रश्नाला मान हालवा. खरं हाय ना? — हाय. बास. बास झालं मला, माय.

आता ऐका. मालकांना आज सकाळी नीट शुद्ध आली. त्यांना समदं आठवतंय. भावाला, अभिमन्यूला, फोन करून सांगितलं, पोरीला आजच उचल, सोयऱ्याच्या गावाला ने, आठवड्यात लगीन लावून टाक. तो निघालाय. मला न्हाई येता येत, दोन धाकट्या आत्याबाईंपाशी हायेत, मी गेले तर त्यांचं काय व्हईल? पन ही अठरा पुरी झालीय, तुमच्याकडं पोरींचं होस्टेल हाय म्हनती. न्हाई, इचार करू नका मॅडम, इचार करायला येळच न्हाई — ती बघा, पांढरी जीप वळली फाटकात. उठवा तिला. गोळीनं झोक जातेल, काखंत धरा. दवाखान्याच्या सैपाकघराकडच्या मागल्या दारानं निघा, रिक्षा उभ्या असतेत तिथं. माझी भेट घ्यायला थांबू देऊ नका. जावा म्हनते ना! जावा!

या भावजी. बसा. — सायली? हाय की आत, झोपलीय. लई येळानं डोळा लागलाय, जरा पडू द्या. आधी वर जाऊन तुमच्या भावाला भेटा.