मनातल्या मनात

सोलापुरात मेंदूच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. आतून एक आजी आल्या, केस जेलनं चिकटलेले. माझ्या शेजारी बसलेले आजोबा त्यांना जागा द्यायला सरकून बसले.

"काय केलं आत?"

"डोक्याला वायरी लावल्या. मॅडम म्हणल्या, मालकाचं नाव मोठ्यानं घ्या."

"घेतलंस?"

"लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढं बास की."

"मग?"

"मग म्हणल्या, मनातल्या मनात घ्या. तसं घेतलं. पडद्यावर रेघा लई नाचल्या."

"नुसत्या नावानं?"

"नाव एकदाच घेतलं. पुढचं साठलेलं हुतं."

"मग बिघाड काय सापडला?"

"काय न्हाय. डोकं ठणठणीत बोलतंय म्हणं."

"मग महिनाभर घरात गप का? मला वाटलं, वाचाच गेली."

"कळलं व्हय? महिन्यानं का हुईना."

आजोबांनी टोपी काढून परत घातली.

"अजून एक म्हणल्या. बोलणाऱ्याच्या डोक्यात जे हलतंय, ते ऐकणाऱ्याच्या डोक्यातबी हलतंय."

"आसंल की."

"म्या म्हणलं, आमच्या घरात तसलं काय बघितलं न्हाय."

दार उघडून मॅडमनी कागदावरचं नाव वाचलं. "आबासाहेब कोण? आत या."

"मला कशाला? मी कुटं आजारी हाय?"

"चला की. मी शेजारी बसून बोलते. तुमच्या डोक्यात काय हलतंय का, बघू द्या त्यास्नी."