मागच्या दाराची किल्ली

कुलूपवाले : आणि मागच्या दाराची किल्ली नीट फिरली ना, सिस्टर? अडत नाही ना?

नर्स : कुठली किल्ली? मी हे हॉस्पिटलमधल्या माझ्या कपाटाचं कुलूप आणलंय, काका. ते आधी बघा. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे माझी.

कुलूपवाले : हे बघतोच हो. थोडं तेल पोटात गेलं की बोलायला लागेल. मी परवा पाठवली ती विचारतोय. घराच्या मागच्या दाराची. तुम्ही मेल केला होतात ना?

नर्स : मी? सहा महिन्यांपूर्वी तुम्ही कुलूप बसवून गेलात, त्यानंतर मी तुम्हाला एक अक्षर लिहिलेलं नाही.

कुलूपवाले : म्हाताऱ्याची चेष्टा करता होय?

नर्स : माझं तोंड चेष्टेचं दिसतंय का?

कुलूपवाले : नाही... थांबा. चष्मा कुठे गेला... हा. हे बघा. वर तुमचंच नाव आहे.

नर्स : त्या नावावर बोट दाबा. आता त्याखाली जो पत्ता आला तो बघा.

कुलूपवाले : हे तर नुसते आकडेच आकडे. तुमचा असा नसतो?

नर्स : नाव काय, कुणीही कुणाचंही लिहितं. खाली बघायचं असतं, काका. काय लिहिलंय, वाचा मोठ्यानं. मी घरी फोन लावते.

कुलूपवाले : "नमस्कार. तुम्ही माझ्याकडे कुलूप बसवलं होतं. बिल सोबत जोडलं आहे. किल्ली हरवली. आजच दुसरी करून खाली दिलेल्या, माझ्या सध्याच्या ड्युटीच्या पत्त्यावर कुरिअर करा. फोन बिघडला आहे, मेलवरच उत्तर द्या."

नर्स : आजच करा, आणि फोन करू नका. एवढ्या दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या की समजायचं, पाणी मुरतंय. बिल खरं आहे?

कुलूपवाले : माझ्या हातचं. ही सही माझीच. म्हणून तर विश्वास बसला! ते त्यांना कुठून मिळालं?

नर्स : माझ्याकडून.

कुलूपवाले : तुमच्याकडून?

नर्स : महिन्यापूर्वी ड्युटीवर एक मेल आला. तुमची मेलपेटी आज बंद होणार, इथे पासवर्ड टाका. एका हातात सलाईनची बाटली होती. टाकला. दुसऱ्या दिवशी कळलं, खोटा होता. लगेच पासवर्ड बदलला, वाटलं सुटले. पण एका रात्रीत त्यांनी पेटीतलं हवं ते उचललं असणार. तुमचं बिलही त्यातच होतं... रिंग जातेय. आई उचलत नाही.

कुलूपवाले : वॉकर घेऊन यायचं म्हणजे वेळ लागणारच. पण मग तुम्ही मला तरी सांगायचंत.

नर्स : लाजेनं कुणालाच सांगितलं नाही. सगळ्या वॉर्डाला मीच शिकवते ना, असल्या मेलना भुलू नका म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. थांबा, पण बिलावर घराचा पत्ता नव्हता. नुसतं नाव आणि कुलपाचा नंबर. किल्ली मिळाली तरी दार कुठलं, ते त्यांना कसं कळणार?

कुलूपवाले : मी खात्री करून घेतली होती, सिस्टर. अगदीच आंधळेपणानं नाही पाठवली.

नर्स : कशी खात्री?

कुलूपवाले : ती पाटी बघा भिंतीवर. 'चेहरा पाहिल्याशिवाय किल्ली मिळणार नाही.' चाळीस वर्षं पाळली. आता मेलात चेहरा कुठून दिसणार? म्हणून उलट विचारलं. तुम्हीच आहात ना, म्हणून.

नर्स : काय विचारलंत? वाचा.

कुलूपवाले : राहू द्या ना.

नर्स : वाचा, काका.

कुलूपवाले : "सिस्टर, नियम आहे म्हणून विचारतो, राग नसावा. पाण्याच्या टाकीमागचं, निळ्या फाटकाचं घर, ते तुमचंच ना? आई न्हाणीघरात पडल्या तेव्हा दार फोडावं लागलं, म्हणून आतली कडी काढायला लावलीत, तेच मागचं दार ना? दुपारी त्या अजून एकट्याच असतात का? तब्येतीला जपायला सांगा."

नर्स : आणि उत्तर?

कुलूपवाले : "हो, मीच."

नर्स : बस?

कुलूपवाले : आणखी एक ओळ आहे. "आईची तब्येत बरी आहे. दुपारी एकटीच असते."

नर्स : तुम्ही प्रश्न विचारलेच नाहीत, काका. उत्तरं लिहून पाठवलीत.

कुलूपवाले : चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि वर वाटही मीच दाखवली. एवढं वय झालं, पण अक्कल काही आली नाही. उठा, सिस्टर. हे नवीन कुलूप घेतलं, ही पिशवी घेतली. स्कूटर बाहेरच आहे, दहा मिनिटांत पोचू.

नर्स : आधी तुमच्या फोनवरून पोलिसांना लावा. किल्ली परवाच निघालीय, म्हणजे आज... थांबा! उचलला. आई? आई, ऐकू येतंय का?

(नर्स फोनचा आवाज मोठा करते.)

आई : अगं, किती वाजवतेस! येतेय ना मी. वॉकर काय धावतो का?

नर्स : तू बरी आहेस ना?

आई : मला काय धाड भरलीय? बरं केलंस हो त्याला पाठवलंस ते. फार गुणी माणूस आहे.

नर्स : कुणाला पाठवलं?

आई : कुलूपवाल्यांचा माणूस गं. मला उठावंसुद्धा लागलं नाही, स्वतःच्या किल्लीनं मागून आत आला. 'सिस्टरनी पाठवलंय' म्हणाला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. आता आतल्या कपाटांची कुलपं तपासतोय.

कुलूपवाले : माझ्याकडे माणूस नाही, सिस्टर. दुकानात मी एकटाच आहे.

नर्स : (फोनवर हात ठेवून) हळू! त्याला ऐकू जाईल. पोलिसांना सांगा, घरात माणूस शिरलाय... आई, मी काय सांगते ते नीट ऐक. काही विचारू नकोस. पुढचं दार उघड आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन बस. आत्ताच्या आत्ता.

आई : या उन्हात? आणि पुढच्या दाराला त्यानं मघाशीच कुलूप घातलंय. वाऱ्यानं आपटत होतं म्हणाला. किल्ली त्याच्या खिशात आहे.

नर्स : आई...

आई : का गं? आवाज का असा येतोय तुझा? जेवलीस ना? थांब, तो आलाच बघ इकडे. त्याच्याशीच बोल. घ्या हो, आमच्या सिस्टरचा फोन आहे.